चार नंबरचा चतकोर

जेवून परत आलेलं ताट मुकादम आधी उजेडाकडे धरायचे. मग जरा तिरकं करायचे, एक डोळा बारीक करायचे आणि म्हणायचे, "बोललं बघा, मास्तर. ताट खोटं बोलत नाय."

मी तेव्हा तुरुंगात शिक्षक होतो. कुठल्या, ते राहू द्या. शहागंजातल्या माझ्या खोलीवरून सायकलनं यायला पाऊण तास लागायचा, एवढं पुरे. तुरुंगात शिक्षक असतो हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. कैद्यांना बाराखडी शिकवायची, त्यांची पत्रं लिहायची, अर्ज लिहायचे आणि कुणाचा जबाब घ्यायचा झाला की तोही लिहायचा. माझं अक्षर चांगलं होतं. साहेब लोक म्हणायचे, मास्तरांचा कागद वर गेला की वरचे आधी अक्षर बघतात, मग मजकूर. मी त्यावर फुगत असे. आता लाज वाटते, पण फुगत असे हे खरं आहे.

माझी शाळा म्हणजे स्वयंपाकघराच्या ओसरीचा अर्धा भाग. उरलेल्या अर्ध्यात भाजी चिरायचे. त्यामुळे 'क'ला काना 'का' चालू असताना बाजूला कांदा चालू असायचा आणि माझे विद्यार्थी विद्येपायी रडतात असं बघणाऱ्याला वाटायचं.

मुकादम म्हणजे जन्मठेपेचा जुना कैदी. वागणूक चांगली असली की अशा माणसाला बाकीच्या कैद्यांवर देखरेखीला नेमतात. हे स्वयंपाकघराचे मुकादम. कन्नडच्या घाटाकडचे, मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातले. उंच, वाकलेले, हातांचे पंजे केवढे तरी मोठे. कैद्यांना अरे-तुरे करायची रीत होती. मला ते त्यांच्या बाबतीत कधी जमलं नाही. गुन्हा मी विचारला नव्हता. एकदा त्यांनीच सांगितला, परातीत पीठ चाळता चाळता, "मेंढरं त्याच्या हरभऱ्यात गेली. त्यानं काठी घातली, म्या कुऱ्हाड घातली. काठीला काठी घातली असती तर आज घरी असतो." आणि पुन्हा चाळू लागले.

ताट वाचायची त्यांची विद्या मात्र पाहण्यासारखी होती. भाकरीच्या कडा ताटात राहिल्या की दाढ दुखतेय. वरण संपलं आणि भाकरी तशीच राहिली, तर जामीन नाकारला गेलाय, कारण घास गिळत नाही पण पातळ उतरतं. ताट चाटून पुसून स्वच्छ असेल, तर घरचं पत्र आलंय. एकदा माझाच डबा उघडा दिसला त्यांना. पोळीकडे नुसती नजर टाकून म्हणाले, "बाईसाहेब येरूळला गेल्या जनू म्हायेरी?" माझी बायको चार दिवस वेरूळला गेली होती आणि त्या पोळ्या मी लाटल्या होत्या. मी विचारलं, कसं ओळखलंत? "नकाशा हाय त्यो, मास्तर. पोळी नाय."

तुरुंगातला दिवस बाहेरच्या दिवसासारखा नसतो. पहाटे घंटा, गिनती, बराकी उघडल्या, चहा. दहा-साडेदहाला जेवण. संध्याकाळचं जेवण पाचला आणि सूर्य मावळायच्या आत बंदी. बंदी म्हणजे माणसं आत, कुलपं बाहेर, पुन्हा गिनती. पाच वाजता भूक लागणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. लोक ताट घेऊन आत जायचे आणि गार झालेलं वरण आठ वाजता खायचे. आठवड्यात एक दिवस मुलाखतीचा. त्या दिवशी मुकादम सकाळीच आंघोळ करून धुतलेली टोपी घालत. त्यांना भेटायला कुणी येत नसे. मी होतो त्या सगळ्या वर्षांत एकदाही कुणी आलं नाही. भाऊ होता, पण मेंढरं घेऊन तो कुठं असेल ते त्याचं त्यालाच माहीत. तरी टोपी धुतलेली असायची. नावं पुकारून संपली की ते टोपी काढून घडी घालून ठेवत आणि जुनी घालत.

या तुरुंगाच्या भिंतीत आणखी एक भिंत होती. तिच्या आत आठ खोल्या. ज्यांच्यावर फार मोठे आरोप, त्यांच्यासाठी. आम्ही त्याला 'आतला यार्ड' म्हणत असू. खोलीत सिमेंटचा ओटा, दोन कांबळी, कोपऱ्यात संडास, सकाळ-संध्याकाळ पाणी येणारा नळ, एक ताट, एक मग. दिवा दिवसरात्र चालू, बटण बाहेर. प्रत्येकाला दिवसातून एक तास अंगणात फिरायला मिळे, तेही एकट्याला. एक आत गेल्याशिवाय दुसरा बाहेर निघायचा नाही. शेजारच्या खोलीत कोण खोकतं हे तिथल्या माणसाला वर्षानुवर्षं दिसत नसे. नावं नव्हती, नंबर होते. मी गुरुवारी पुस्तकांची पिशवी घेऊन तिथं जाई, बरोबर हवालदार. पुस्तक द्यायचं, जुनं घ्यायचं. निरोप आत न्यायचा नाही, बाहेर आणायचा नाही. नेला तर माझी नोकरी गेली आणि कैद्याचा तो एक तास गेला.

आतल्या यार्डाच्या सोळा भाकरी मुकादम स्वतः थापत. एका माणसाला दोन. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. ज्यांच्यासाठी थापायच्या त्यांतल्या एकालाही त्यांनी पाहिलं नव्हतं आणि पाहणारही नव्हते. ताटं शिपाई नेई, शिपाई आणी.

त्या आठांत चार नंबरचं ताट दोन्ही वेळा एक चतकोर घेऊन परत यायचं. रोज. भाजी कशीही असो, बाकी सगळं संपलेलं आणि कडेला भाकरीचा एक चतकोर.

याचा पुढं कागद झाला. उच्च सुरक्षेतला कैदी अन्न परत पाठवतो, म्हणजे निषेध तर नव्हे? डॉक्टर गेले, वजन झालं, टॉनिक सुरू झालं. चतकोर भाकरीवर तीन सह्या पडल्या. चार नंबरला विचारलं तर म्हणाला, पोट भरलं. तो कागद माझ्याच अक्षरात होता, म्हणून मला ठाऊक.

मुकादमांनी तो चतकोर उचलून उजेडाकडे धरला. मग मला जवळ बोलावलं.

"उष्टं नाय ह्ये, मास्तर. कडा बघा. कालवण लागलं का कुठं? ह्यो जेवायच्या आदी मोडलेला हाय."

"बरं, मग?"

"कुत्र्याचा वाटा हाय त्यो." त्यांनी चतकोर तळहातावर ठेवला. "आमच्यात मेंढरामागं जेवाय बसलं की पयला चतकोर कुत्र्याचा. त्यो मोडल्याबिगर घास घ्यायचा नाय. रातभर मेंढरं त्योच राखतो ना. चार नंबर आमच्यातला हाय, मास्तर. मेंढरामागचा हाय."

एवढ्या भिंती, एवढी कुलपं आणि आतला तो माणूस रोज दोन वेळा नसलेल्या कुत्र्याचा वाटा काढून ठेवत होता.

कुत्र्याचं मुकादमांना विशेष होतं. त्यांना जीपमध्ये घालून नेलं तेव्हा घरचं कुणी पुढं आलं नाही. कुत्रा मात्र जीपमागं घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत पळत आला होता. हे त्यांनी मला दोन-तीनदा सांगितलं होतं आणि दर वेळी पहिल्यांदाच सांगतोय असं सांगितलं होतं.

आता योग असा की आमच्या स्वयंपाकघराच्या मागं एक कुत्री होती. पिल्लू असताना मोरीच्या गजांतून आत आली, खरकटं खाऊन वाढली आणि मग त्या गजांतून बाहेर जाता येईना. तिलाही जन्मठेपच म्हणायची. नाव काळी. चार नंबरचा चतकोर मुकादम तिला घालू लागले. इतर खरकटं ती भांडून, गुरगुरून खायची. हा चतकोर मुकादम हातानं द्यायचे आणि ती बसून खायची.

आठेक दिवसांनी ते माझ्या फळ्याजवळ येऊन उभे राहिले. टोपी हातात.

"मास्तर, गुरुवारी तुमी आत जाता. चार नंबरला येवढंच सांगा, वाटा पोचतो म्हनावं. कुत्री खाती म्हनावं. बस."

"मुकादम, हा निरोप झाला."

"व्हय, पन कुत्रीचा हाय. त्यात काय हाय?"

"कुत्रीचा असो नाहीतर कुणाचा. नोकरी जाईल माझी. घरी दोन पोरी आहेत."

त्यांनी मान हलवली. "व्हय व्हय. तुमचंबी खरंच हाय." आणि भाजीकडे वळले. राग नाही, रुसवा नाही. दोन शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. गुरुवारी मी चार नंबरसमोर उभा राहिलो. पंचेचाळिशीचा, काळासावळा, शांत माणूस. पुस्तक दिलं, पुस्तक घेतलं आणि परत आलो.

मग मुकादमांनी त्यांच्या डोक्यानं वाट काढली. एका सकाळी चार नंबरच्या ताटातल्या वरच्या भाकरीचा चतकोर त्यांनी स्वतःच मोडला, बाजूला ठेवला आणि उरलेली पाऊण भाकरी ताटात घालून पाठवली. मी म्हटलं, हे काय? "वाटा इथंच काडला म्हनायचं. आता त्यानं समदं खायचं. मेंढरामागचा आसंल तर कळंल."

त्या दिवशी त्यांचं कशात लक्ष नव्हतं. मीठ दोनदा घातलं. ताटं परत आली तेव्हा त्यांनी चार नंबरचं शोधलं आणि तसंच माझ्यासमोर धरलं. स्वच्छ. एक कण नाही.

"कळलं त्याला!" एवढ्या मोठ्या माणसाचे डोळे भरले. "कळलं, मास्तर!"

त्यानंतर दोनेक महिने मी मुकादमांना सुखी पाहिलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. रोज दोन वेळा ते चतकोर मोडून पाठवत, रोज ताट पुसून येई आणि काळीला वाटा मिळे. एका माणसाशी त्यांचं बोलणं चालू होतं. मुलाखतीच्या दिवशी नावं संपली की टोपीची घडी घालताना आता ते हसायचेही. डॉक्टरांनी शेरा मारला की टॉनिकचा उत्तम परिणाम दिसून येतो. तोही मीच लिहिला.

याच सुमारास मुकादमांना चौदा वर्षं भरत होती आणि त्यांच्या सुटकेची फाइल वर जायची होती. वागणुकीवर एकही डाग नाही, शिक्षेतून वजा होणारे माफीचे दिवस भरपूर. चार-सहा महिन्यांत सुटतील असं सगळेच धरून चालले होते. फक्त तोवर काही घडायला नको होतं.

तेवढ्यात नवे साहेब आले. माणूस प्रामाणिक होता, हे आधी सांगतो. कैद्यांचं अन्न चोरलं जातं अशी त्यांना चीड होती आणि ती चुकीची नव्हती. एका सकाळी ते आतल्या यार्डाच्या दारात तराजू घेऊन उभे राहिले आणि आठही ताटं तोलली. सात बरोबर. चार नंबरचं कमी भरलं.

मुकादमांना बोलावलं. जबाब लिहायला मला बोलावलं.

साहेब म्हणाले, "चार नंबरच्या भाकरीचा तुकडा कुठं गेला?"

मुकादमांनी टोपी काढून हातात घेतली. साहेब कपाटातला कागद काढायला पाठमोरे झाले, तेवढ्यात मी हळूच म्हटलं, "खरं सांगा ना."

"खरं सांगितलं तर त्यो निरोप व्हतो," ते ओठ न हलवता म्हणाले. "तुमीच म्हनला व्हता. त्याचा फिरायचा तास जाईल. त्याला त्येवढंच हाय."

साहेब वळले. मुकादम मोठ्यानं म्हणाले, "ल्हिवा मास्तर. म्या खाल्ली."

"कशासाठी?" साहेबांनी विचारलं.

"भूक लागली म्हनून."

मी लिहिलं. 'चार नंबरच्या कैद्याच्या वाटणीच्या भाकरीचा चतकोर भूक लागली म्हणून मी खाल्ला.' सुवाच्य, वळणदार, समासाला जागा सोडून. खाली त्यांचा अंगठा घेतला. शाई लावलेला अंगठा त्यांनी आधी कागदाच्या अलीकडेच धरून ठेवला. तो का अडला होता ते मला ठाऊक होतं. सुटका लांबणार हे तर होतंच. पण दुसरंही होतं. एकदा काळीला घालता घालता त्यांनी सांगितलं होतं, आमच्यात कुत्र्याचा वाटा खानाऱ्या मानसाला पंगतीला घेत नायत. आणि मी त्याच माणसाचा अंगठा त्याच वाक्याखाली उमटवून घेत होतो. मी 'साहेब, थांबा' म्हणू शकलो असतो. निदान एवढं तरी, की या माणसानं तो चतकोर खाल्लेला नाही हे मला माहीत आहे. मी टीपकागद दाबला आणि कागद पुढं सरकवला.

मुकादमपद गेलं. माफीचे दिवस कापले. त्यांना झाडलोटीच्या टोळीत घातलं. जबाब फाइलीला लागला आणि ती परत आली. पुन्हा विचार दोन वर्षांनी.

स्वयंपाकघरात नवा मुकादम आला. चार नंबरला आता दोन भाकरी पुऱ्या जाऊ लागल्या आणि पहिल्याच दिवशी ताटात चतकोर परत आला. नव्या माणसानं तो इतर खरकट्यात टाकला.

त्या गुरुवारी मी पुस्तक पुढं केलं, तर चार नंबरनं ते घेतलं नाही. गजांतून माझ्याकडे बघत हळूच म्हणाला, "हात बदललाय. भाकरी करनारं मानूस बरं हाय का?"

शेजारी हवालदार उभा होता. मी म्हणालो, "पुढच्या वेळी कोणतं पुस्तक आणू?"

त्यानं पुस्तक घेतलं. "कोन्तंबी," म्हणाला.

दोन वर्षं मुकादम अंगण झाडत होते. ओसरीवरून मला दिसायचे. मी दिसलो की हात वर करायचे. ताटाविषयी कधी बोलले नाहीत. ताटं आता त्यांच्या हाताखालून जात नव्हती, त्यामुळे बोलायला काही राहिलंही नव्हतं. फक्त मुलाखतीच्या दिवशी टोपी धुतलेली असायची.

पुढं सुटका झाली. सकाळी नऊला त्यांना कार्यालयात आणलं. जमा केलेलं सामान म्हणजे एक घोंगडी, तीही कसरीनं खाल्लेली. न्यायला कुणी आलं नव्हतं. मी म्हटलं, "आता कुठं जाणार, मुकादम?"

"बगू. मेंढरं कुठं हायेत त्ये आदी हुडकावं लागंल." मग म्हणाले, "मास्तर, काळी संगं येती का बगतो. नाय आली तर चार नंबरचा चतकोर तिला देत जा. येवढं करा. दुसरं काय नाय."

निरोपाचं त्यांनी दुसऱ्यांदा काढलं नाही. मी हो म्हणालो.

काळीला न्यायची त्यांची इच्छा होती. ती कुठल्याच वहीत नव्हती, त्यामुळे तिला सोडायला कुणाची परवानगी लागत नव्हती. मोठ्या दाराच्या पोटातली लहान दिंडी उघडली, मुकादम वाकून बाहेर गेले आणि वळून तिला बोलावलं. काळी उंबऱ्यापर्यंत आली आणि बसली. तिनं ते दार उघडं कधी पाहिलंच नव्हतं. त्यांनी जीभ टाळूला लावून मेंढपाळ काढतात तसा आवाज काढला. ती शेपूट हलवत राहिली, पण उंबरा काही ओलांडेना. दारावरचा शिपाई भला होता, त्यानं बराच वेळ दिंडी उघडी ठेवली. शेवटी मुकादमच म्हणाले, "राहू द्या. लावा." घोंगडी खांद्यावर टाकून ते कन्नडच्या गाडीच्या दिशेनं चालत गेले. मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

पुढच्या गुरुवारी मी आतल्या यार्डात गेलो. चार नंबरसमोर उभा राहिलो. हवालदार शेजारीच होता. पुस्तक हातात ठेवून मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "तुमचा चतकोर कुत्रीला मिळतो. आधीही मिळत होता. भाकरी करणारे सुटले."

हवालदार जुन्या शहरातला, पान खाणारा. त्यानं घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाला, "चलो मास्तर, देर हो रही."

एवढंच. कागद नाही, चौकशी नाही, काही नाही. ज्या वाक्याला मी दोन वर्षांहून जास्त भीत होतो, ते बोलायला पुस्तक बदलण्याइतकाही वेळ लागला नाही.

चार नंबरनं दोन्ही हातांनी गज धरले होते. "कुठं गेले?" त्यानं विचारलं.

मला सांगता येईना. त्या दुपारी मी कार्यालयात जाऊन त्यांची फाइल काढली, पत्ता बघायला. पत्त्याच्या जागी घाटातल्या एका गावाचं नाव आणि त्यापुढं 'फिरता' असं लिहिलेलं. तेवढ्यानं कुणी सापडत नाही. मी नंतर कन्नडच्या आठवडी बाजारात मेंढरांच्या बाजूला तीन-चारदा जाऊन आलो, तिथंही नाही सापडले.

फाइलीत बाकी काही नव्हतं. सोळा वर्षांत एकही पत्र नाही, एकही मुलाखत नाही. नुसते आकडे, शिक्के आणि शेवटी तो एक जबाब. हा माणूस कसा होता हे सांगणारं त्या तुरुंगात तेवढं एकच वाक्य उरलं आहे, की भूक लागली म्हणून मी खाल्ला. खाली अंगठा त्यांचा. अक्षर माझं.

अक्षर मात्र फार सुरेख आलं आहे.